विग्रहातील संधी : उपहासात्मक युद्धकादंबरीतील लाभाचा हिशेब आणि इतिहासलेखन

सारांश

युद्ध ही काहींसाठी आपत्ती तर काहींसाठी संधी असते, हे विधान इतिहासाच्या अभ्यासात सर्वमान्य आहे. मात्र या दोन 'काहीं'मधील परस्परसंबंध इतिहासलेखनात पुष्कळदा अस्पष्ट राहतो. ग्रिमेल्सहाउझेन, थॅकरे, हाशेक आणि हेलर या चार लेखकांच्या कादंबऱ्यांतील 'संधी'विषयक विनोदाचे स्वरूप प्रस्तुत निबंधात तपासले आहे. हा विनोद केवळ अतिशयोक्तीतून जन्मत नाही. प्रत्यक्षात असलेल्या व्यवस्थेची सभ्य भाषा जशीच्या तशी वापरल्यामुळे तो निर्माण होतो, अशी मांडणी येथे केली आहे. उपहासाच्या मर्यादांचा आणि महाराष्ट्राच्या संदर्भात उपस्थित होणाऱ्या एका वेगळ्या प्रश्नाचाही विचार शेवटी केला आहे.

१. प्रस्तावना

कौटिलीय अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात षाड्गुण्याचे विवेचन आहे. त्यातील पहिला गुण संधी आणि दुसरा विग्रह. तेथे संधी म्हणजे तह आणि विग्रह म्हणजे वैर किंवा युद्ध. मराठीत 'संधी' या शब्दाचा रूढ अर्थ अनुकूल वेळ, मोका असा झाला आणि त्यावरूनच 'संधिसाधू' हे निंदाव्यंजक विशेषण घडले. जुन्या अर्थाने जेथे संधी आहे तेथे विग्रह संपलेला असतो. रूढ अर्थाने मात्र विग्रह सुरू झाला की अनेकांच्या संधीला प्रारंभ होतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांतील हा विरोध प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

पदवी स्तरावरील उत्तरपत्रिका तपासताना 'युद्धामुळे उद्योगधंद्यांना चालना मिळाली' हे वाक्य हमखास आढळते. ते चुकीचे नाही. परंतु चालना कोणाला मिळाली, तिची किंमत कोणी मोजली आणि ती किती काळ टिकली, यांपैकी कशाचाच उलगडा या वाक्यातून होत नाही. परिणामांच्या यादीत मृतांची संख्या हा एक मुद्दा असतो आणि उद्योगांची वाढ हा दुसरा. दोहोंमध्ये मात्र केवळ स्वल्पविराम असतो. उपहासात्मक युद्धकादंबरीचे महत्त्व येथे जाणवते. ती हे दोन मुद्दे एकाच प्रसंगात, अनेकदा एकाच व्यक्तीच्या हिशेबवहीत आणून ठेवते आणि वाचकाला हसू फुटते ते या जवळिकीमुळे.

कादंबरी हा घटनांचा पुरावा नव्हे, हे मान्य करूनच पुढील विवेचन केले आहे. तथापि, एखादा व्यवहार त्या काळी कोणत्या शब्दांत प्रतिष्ठित ठरत होता, याचा पुरावा म्हणून कादंबरीकडे पाहता येते.

२. लुटला गेलेला मुलगा आणि लूट करणारा शिकारी

इ. स. १६१८ ते १६४८ या काळात मध्य युरोप होरपळून काढणाऱ्या तीस वर्षांच्या युद्धात सैन्य उभारणे हा एक व्यवसाय होता. वॉलेनस्टाइन याने १६२५ मध्ये सम्राटासाठी मोठे सैन्य उभे केले. त्याचा खर्च शाही खजिन्यातून भागणे शक्य नव्हते; सैन्य ज्या प्रदेशात असेल त्या प्रदेशाने ते पोसावे, असे तत्त्व रूढ झाले. या वसुलीला 'योगदान' असे सौम्य नाव होते. नावाने ऐच्छिक वाटणारी ही रक्कम न दिल्यास गाव जाळले जाण्याची भीती असे.

हान्स याकोब ग्रिमेल्सहाउझेन हा या युद्धाच्या काळात वाढला, बालपणीच सैन्याच्या हाती सापडला आणि पुढे एका रेजिमेंटच्या कचेरीत लेखनिक झाला. १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या (मुखपृष्ठावर १६६९ हे वर्ष असलेल्या) त्याच्या 'सिम्प्लिसिसिमुस' या कादंबरीचा नायक प्रारंभी अजाण शेतकरीपुत्र आहे. घोडेस्वार त्याचे घर लुटतात तेव्हा ते गाद्यांतील पिसे काढून टाकून त्यांत मांसाचे तुकडे भरतात. त्यावर झोप अधिक चांगली लागत असावी, अशी मुलाची समजूत होते. लुटीला लूट म्हणण्याइतकेही शब्द त्याच्याजवळ नाहीत आणि म्हणूनच तिचे वर्णन इतके स्वच्छ उतरते.

परंतु ग्रिमेल्सहाउझेनचा खरा उपरोध पुढे आहे. हाच मुलगा मोठा होऊन 'झोएस्टचा शिकारी' म्हणून नावलौकिक मिळवतो आणि त्याचे कर्तृत्व असते ते छापे घालून रसद व संपत्ती पळवण्यात. तो हुशार आहे, धाडसी आहे, उदारही आहे. वाचकाला तो आवडू लागतो. ज्याच्या घराची राख झाली त्याला वर येण्याचा मार्ग सापडतो तो इतरांच्या घरांतून. युद्धाने दिलेली संधी स्वीकारायची तर युद्धाचाच धंदा स्वीकारावा लागतो. तीस वर्षे युद्ध का रेंगाळले याची राजकीय व धार्मिक कारणे इतिहासग्रंथांत सापडतात. सैन्याला सैन्य राहण्यातच उपजीविका दिसू लागली होती, हे कारण या विनोदी चरित्रकथेतून अधिक ठळकपणे समोर येते.

३. ब्रुसेल्समधील घोड्यांचा भाव

विल्यम मेकपीस थॅकरे याचा जन्म १८११ मध्ये कलकत्त्यात, ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कुटुंबात झाला. १८४७-४८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीत वॉटर्लूची लढाई (१८ जून १८१५) येते खरी. पण रणभूमीवर थॅकरे फारसा थांबत नाही. वाचक बहुतेक काळ ब्रुसेल्स शहरात राहतो. तोफांचे आवाज दुरून ऐकू येतात, नेपोलियन जिंकल्याच्या अफवा पसरतात आणि पळून जाण्यासाठी घोडे मिळेनासे होतात.

येथे बेकी शार्पचा हिशेब सुरू होतो. तिचा नवरा रॉडन क्रॉली लढाईवर जाताना आपल्या वस्तूंची यादी करून ठेवतो. आपण परतलो नाही तर त्या विकून तिला चार पैसे मिळावेत म्हणून स्वतः सर्वांत जुना गणवेश अंगावर चढवतो. यादी हास्यास्पद आहे, पण तिच्यामागची माया खरी आहे. बेकी मात्र शांतपणे आकडेमोड करते. घाबरलेल्या जोस सेडलीला ती घोडे अवाच्या सवा किमतीला विकते आणि नवरा मेलाच तर ही रक्कम, उरलेल्या वस्तूंची किंमत आणि विधवेचे निवृत्तिवेतन मिळून आपले कसे भागेल, याचा अंदाज बांधते. थॅकरे तिचा धिक्कार करत नाही. टंचाई आहे, मागणी आहे आणि तिच्याजवळ माल आहे. बाजाराच्या नियमांत तिचे काही चुकलेले नाही. चुकले असेल तर ते युद्धाच्या दिवशीही बाजार चालू राहावा यात आहे.

जोस सेडली हा कंपनी सरकारचा कलेक्टर, हिंदुस्थानात पैसा करून परतलेला. सैनिक समजले जाऊ या भीतीने तो ब्रुसेल्समध्ये मिशा काढून टाकतो आणि पळ काढतो. पुढे हाच गृहस्थ वॉटर्लूच्या कथा सांगत 'वॉटर्लू सेडली' म्हणून ओळखला जाऊ लागतो. बेकीने घोडे विकून रोख लाभ मिळवला. जोसने पळून जाऊन कीर्ती मिळवली. जो प्रत्यक्ष लढला त्या जॉर्ज ऑसबॉर्नच्या वाट्याला मृत्यू आला. लढाईचे श्रेय आणि लढाईतील सहभाग यांचा संबंध किती सैल असू शकतो, हे वसाहतींतून पैसा व पदव्या घेऊन परतणाऱ्यांच्या इंग्लंडमध्ये वाचकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

४. चीजऐवजी दफनभूमी

यारोस्लाव्ह हाशेक (१८८३-१९२३) हा प्राग येथील लेखक पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ९१व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता. १९१५ मध्ये तो रशियनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. त्याची 'श्वेक' ही कादंबरी १९२१ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि लेखकाच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिली. त्या वेळी ज्या साम्राज्यासाठी श्वेक लढायला निघाला होता ते साम्राज्यच नकाशावर उरले नव्हते.

श्वेकचा धंदा कुत्री विकण्याचा. गावठी कुत्र्यांच्या खोट्या वंशावळी तयार करून तो ती उच्च कुळातील म्हणून खपवतो. हाशेकने स्वतःही काही काळ कुत्र्यांच्या विक्रीचा उद्योग केला होता. वंशावळींचा हा विनोद एका राजघराण्याच्या नावाने चाललेल्या महायुद्धाच्या तोंडावर येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लेफ्टनंट लुकाशसाठी श्वेक एक उमदा कुत्रा चोरून आणवतो. तो निघतो कर्नलचा. परिणामी साहेब आणि सेवक दोघांचीही रवानगी आघाडीकडे जाणाऱ्या रेजिमेंटमध्ये होते. साधलेल्या संधीचे फळ म्हणजे युद्ध, असा हा उलटा क्रम आहे.

दोन प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावेत असे आहेत. आघाडीकडे निघालेल्या सैनिकांना प्रवासात चीजचा शिधा मिळेल असे जाहीर झालेले असते. प्रत्यक्षात त्यांच्या हाती आगपेटी आणि सैनिकांच्या दफनभूमीचे चित्र असलेले टपालकार्ड पडते. कार्ड काढले आहे युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या समितीने आणि चित्रातील स्मारक घडवले आहे आघाडी चुकवून मागे राहिलेल्या एका शिल्पकाराने. म्हणजे शिधा गेला कोठे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो; परंतु मरणाऱ्याच्या स्मारकातही कोणाला तरी सुरक्षित जागा मिळाली आहे, हे कळते. हाशेक येथे एकही टीकेचा शब्द वापरत नाही. वाटप कसे झाले, एवढेच तो सांगतो.

दुसरा प्रसंग मारेक या सुशिक्षित स्वयंसेवकाचा. त्याची नेमणूक बटालियनचा इतिहासकार म्हणून होते. लढाई अजून झालेली नसते. पण मारेक पुढील विजय आधीच लिहून काढतो आणि सहकाऱ्यांना कोणत्या प्रकारचे वीरमरण द्यायचे हेही ठरवू लागतो. प्राण्यांविषयीच्या मासिकाचा संपादक असताना अस्तित्वात नसलेले प्राणी कल्पून छापण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. हाशेकनेही अशा मासिकाचे संपादन केले होते. मारेकसाठी इतिहासलेखन ही जिवंत राहण्याची संधी आहे. कचेरीत बसून तो इतरांचे मृत्यू वाटतो. अधिकृत रेजिमेंट-इतिहास वाचणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने या पात्राची आठवण ठेवावी. शौर्याचे वर्णन करणारा कोठे बसला होता, हा प्रश्न साधनचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकात असतोच. येथे तो हसत हसत विचारला आहे.

५. खर्च अधिक सहा टक्के

जोसेफ हेलर (१९२३-१९९९) याने दुसऱ्या महायुद्धात कॉर्सिका बेटावरील तळावरून बॉम्बफेक्या विमानांतून साठ मोहिमा केल्या आणि नंतर जाहिरातक्षेत्रात काम केले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅच-२२' या कादंबरीत या दोन्ही अनुभवांची भाषा एकत्र आली आहे.

कादंबरीतील मायलो माइंडरबाइंडर हा तळावरील भोजनगृहाचा अधिकारी. तो माल्टा येथे सात सेंटला अंडे घेतो, भोजनगृहांना पाच सेंटला विकतो आणि तरीही नफा मिळवतो. कारण माल्टातील विक्रेताही तोच असतो. त्याच्या संघात प्रत्येकाचा 'हिस्सा' आहे, असे तो सर्वांना सांगतो. हिस्सा नेमका किती, हे कोणालाच ठाऊक नसते. पण 'आपला' नफा म्हटल्यावर तक्रार करणे अवघड होते. जीवरक्षक जाकिटांतील वायूच्या नळ्या सोड्यासाठी काढून घेतल्या जातात. जखमी सहकाऱ्याच्या वेदना शमवण्यासाठी योसारियन प्रथमोपचाराची पेटी उघडतो तेव्हा मॉर्फिनच्या जागी त्याला संघाचे हित म्हणजेच देशाचे हित, अशा आशयाची चिठ्ठी सापडते.

या चिठ्ठीला ऐतिहासिक संदर्भ आहे. १९५३ मध्ये जनरल मोटर्सचे प्रमुख चार्ल्स विल्सन यांची संरक्षणमंत्रिपदी निवड होत असताना सिनेटच्या समितीने कंपनी आणि देश यांच्या हितसंबंधांविषयी त्यांना विचारले. देशासाठी जे चांगले ते कंपनीसाठी चांगले आणि याउलटही, असे आपण मानत आलो, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते. लोकस्मृतीत मात्र त्याचा केवळ उलटा अर्धा भाग राहिला : कंपनीसाठी चांगले ते देशासाठी चांगले. हेलरने हा रूढ झालेला अर्धा भाग उचलला आणि तो एका मरणाऱ्या सैनिकाच्या शेजारी ठेवला.

मायलोचा सर्वांत गाजलेला व्यवहार एका पुलाचा आहे. पूल उडवण्याचे कंत्राट तो अमेरिकनांकडून घेतो आणि त्याच पुलाच्या रक्षणाचे कंत्राट जर्मनांकडून. दोन्हींत अट एकच : झालेला खर्च अधिक सहा टक्के. वाचकाला ही शुद्ध कल्पना वाटते. परंतु खर्चाच्या टक्केवारीने नफा देणारी कंत्राटे पहिल्या महायुद्धात अमेरिकेत प्रत्यक्ष वापरात होती. जितका खर्च वाढेल तितका नफा वाढेल, असा हा करार असल्याने काटकसर करणे कंत्राटदाराच्या तोट्याचे ठरे. म्हणूनच डिसेंबर १९४१ मध्ये संमत झालेल्या युद्धाधिकारविषयक कायद्यात या पद्धतीला स्पष्ट मनाई करण्यात आली. तत्पूर्वी मार्च १९४१ मध्ये संरक्षण कार्यक्रमाच्या चौकशीसाठी सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. म्हणजे मायलो जो करार अभिमानाने करतो तो त्याच्या देशाच्या कायद्याने आधीच धोकादायक ठरवलेला होता. हेलरने नवीन काही रचले नाही. बंदी घातलेल्या सूत्राला त्याच्या तार्किक शेवटापर्यंत नेले. शत्रू आणि मित्र दोघेही ग्राहक झाले की युद्ध संपण्यात कंत्राटदाराचे नुकसान असते. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १७ जानेवारी १९६१ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निरोपाच्या भाषणात लष्कर आणि शस्त्रोद्योग यांच्या युतीच्या वाढत्या प्रभावाविषयी देशाला सावध केले, हा योगायोग बोलका आहे.

६. उपहासाची मर्यादा आणि संधीची दुसरी बाजू

चारही कादंबऱ्यांत संधिसाधू पात्र आकर्षक आहे. बेकी आणि मायलो यांच्याशिवाय त्या कादंबऱ्या फिक्या पडतील. येथेच उपहासाची पहिली मर्यादा दिसते. व्यवस्थेचा दोष एका चतुर व्यक्तीच्या अंगी चिकटतो आणि ती व्यक्ती हवीहवीशी वाटू लागते. कायदाही याच अडचणीत सापडतो. ब्रिटनने १९१५ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १९१९ मध्ये, तसेच पुन्हा १९४० मध्ये, युद्धकाळातील 'जादा नफ्या'वर कर बसवला. जादा नफा म्हणताना युद्धातील काही नफा हा योग्य नफा असतो, हे कायद्याने गृहीत धरले. उपहास या गृहीतावर बोट ठेवतो. परंतु योग्य नफा किती, हे सांगणे त्याचे काम नाही.

दुसरी मर्यादा दृष्टिकोनाची आहे. हाशेक आणि हेलर यांचा विनोद सक्तीच्या सैन्यसेवेच्या काळातला आहे. त्या जगात सैनिकापुढील सर्वांत मोठी संधी म्हणजे युद्धातून सुटका. ज्यांच्यासाठी सैन्याचे दार बंद होते आणि ते केवळ युद्धामुळेच किलकिले झाले, त्यांच्या अनुभवाला हा विनोद पुरा पडत नाही. या संदर्भात महाराष्ट्रातील महार समाजाचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती थांबवली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्जांद्वारे दाद मागितली. अर्जांनी जे साधले नाही ते महायुद्धाच्या गरजेने साधले : १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना झाली ती पुन्हा युद्धकाळातच, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे.

या इतिहासात उपरोध नाही असे कोण म्हणेल? मात्र तो संधी साधणाऱ्यांवर उलटत नाही. संधी देणाऱ्यांवर उलटतो. गणवेश, वेतन, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांची मागणी करणाऱ्याला संधिसाधू म्हणता येत नाही. ज्या समाजरचनेत ही मागणी पुरी होण्यासाठी महायुद्ध व्हावे लागते आणि शांतता आली की ती मागे घेतली जाते, ती रचनाच येथे उपहासाचा विषय ठरते.

त्याच महायुद्धात मुंबईच्या कापडगिरण्यांना परदेशी मालाची आवक घटल्याने मोठा नफा झाला. महागाईने मेटाकुटीला आलेल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी जानेवारी १९१९ मध्ये संप केला. 'उद्योगधंद्यांना चालना मिळाली' या वाक्याचा उत्तरार्ध या संपात आहे. दोन्ही भाग एकत्र लिहिल्याशिवाय परिणामांची यादी पूर्ण होत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(१) उपहासात्मक युद्धकादंबरीतील संधिसाधू पात्राची भाषा ही लेखकाची अतिशयोक्ती नसून प्रचलित व्यवहाराची भाषा आहे. 'योगदान', 'हिस्सा', 'खर्च अधिक सहा टक्के' हे शब्द प्रथम कागदपत्रांत किंवा बाजारात होते, नंतर कादंबरीत आले.

(२) या कादंबऱ्या लाभ आणि हानी यांची नोंद एकाच ठिकाणी करतात. इतिहासलेखनात व अध्यापनात या नोंदी वेगवेगळ्या प्रकरणांत विभागल्या गेल्यामुळे त्यांतील कार्यकारणसंबंध झाकला जातो.

(३) संधीचा प्रत्येक स्वीकार उपहासास पात्र नसतो. वंचितांनी युद्धकाळात मिळवलेली संधी आणि पुरवठादाराने मिळवलेली संधी यांना एकच शब्द असला तरी त्यांचे मूल्यमापन एक असू शकत नाही.

म्हणून युद्धाच्या परिणामांत 'संधी' हा शब्द येईल तेथे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे इष्ट ठरेल : ती कोणाला मिळाली, कोणाच्या खर्चाने मिळाली आणि शांतता आल्यावर तिचे काय झाले. साहित्य आणि इतिहास या दोन विभागांनी एकत्र येऊन एखादी तासिका या प्रश्नांसाठी राखली, तर बेकीच्या घोड्यांपासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंतचा हिशेब विद्यार्थी स्वतः मांडू शकतील. तो मांडताना त्यांना हसू आले तरी हरकत नाही. कारण हिशेब कोणाच्या नावावर चढला आहे, हे त्या हसण्यानंतर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.